उरलेले वीस न्यूटन

शनिवारी दुपारी एक वाजता मी आमचं लोखंडी कपाट ढकलत होतो आणि ते हलायला तयार नव्हतं. सोमवारी रंगारी येणार होते. "अहो, आधी साड्या तरी काढू द्या," असं विमलने, म्हणजे माझ्या बायकोने, दोनदा सांगितलं होतं आणि मी दोन्ही वेळा "तू फक्त बघत राहा" म्हटलं होतं. ती बघत राहिली.

"बावीस वर्षं फिजिक्स शिकवताय ना?" ती म्हणाली. "मग आता कुठे अडलं?"

"फ्रिक्शनवर अडलंय," मी खेकसलो. "मी जेवढं ढकलतोय तेवढंच ते उलट ढकलतंय. कमी नाही, जास्त नाही. जास्त असतं तर कपाट माझ्या अंगावर आलं असतं."

एवढं बोललो आणि माझे हात कपाटावरच राहिले. गुरुवारचा पेपर आठवला. सतरावा प्रश्न. मी तिथेच पलंगाच्या कडेवर बसलो.

सांगतो. मी वारज्यात अकरावी-बारावीचा फिजिक्सचा क्लास घेतो. दोन खोल्या, चाळीस बाकं आणि एक कुलर, तो नेमका मे महिन्यात बंद पडतो. समोरच्या नव्या इमारतीत गेल्या वर्षी एक एसी क्लास आला. त्यांच्याकडे प्रोजेक्टर आहे, गणवेशातला शिपाई आहे. माझ्याकडे खडू आहे आणि तोंड आहे. पोरं माझ्या तोंडासाठीच येतात असं मीच सगळ्यांना सांगत असतो. जो चुकेल त्याला मी भर वर्गात असा सोलतो की बाकीची पोट धरधरून हसतात. त्याने चूक जन्मभर लक्षात राहते, हेही मीच सांगत असतो.

रविवारी ऑल इंडियाची इंजिनिअरिंग प्रवेश परीक्षा होती, म्हणून गुरुवारी मी शेवटचा सराव पेपर घेतला. पेपर तीन वर्षांपूर्वीचा. जुने पेपर थोरल्या भावंडांकडून धाकट्यांकडे जातात हे मला ठाऊक आहे, तेव्हा दर वर्षी मी आकडे बदलतो. बुधवारी संध्याकाळी चहा पीत बदलले. सतराव्या प्रश्नात जमिनीवर दहा किलोचा ठोकळा होता, त्याला साठ न्यूटनने आडवं ढकललंय, घर्षण किती? त्या फरशीवर घर्षण फार तर चाळीस न्यूटन होऊ शकतं. साठ त्याच्यापेक्षा जास्त, म्हणून ठोकळा सरकतो आणि उत्तर येतं चाळीस. मी साठाचे वीस केले. आन्सर कीमधले चाळीस बदलायचे राहिले.

आता वीस न्यूटनने ठोकळा हलतच नाही. हलत नाही म्हणजे दोन्ही बाजूंनी सारखाच जोर आहे. आपण वीसने ढकलतो, फरशी वीसनेच अडवते. उत्तर वीस. चाळीस ही घर्षणाची कमाल मर्यादा आहे, रोजचा पगार नव्हे. अकरावीच्या पहिल्या महिन्यात मी हे घसा फोडून शिकवतो. आणि तरीही अडतीसपैकी सदतीस जणांनी चाळीस लिहिलं, कारण सूत्रात आकडे घातले की चाळीस येतं, आणि सूत्रात आकडे घालून पुढे पळायची सवयही त्यांना मीच लावलेली.

एकीने वीस लिहिलं. पूर्वाने.

पूर्वा दोन वर्षं तिसऱ्या बाकावर भिंतीकडेला बसते. बोलत नाही. अक्षर मोत्यासारखं. तिचे वडील भीमराव हिंजवडीच्या एका कंपनीची बस चालवतात. प्रवेशाच्या दिवशी ते मला म्हणाले होते, "सर, रोज बावन्न इंजिनिअर नेतो आणि आणतो. एक आपल्या घरचा पाहिजे." खासगी कॉलेजचं नाव त्यांनी काढलं नाही, मीही काढलं नाही. नागपूरच्या सरकारी कॉलेजात लागली तर इंजिनिअर, नाहीतर वारज्यातच बी.एस्सी., इतकं ते स्वच्छ होतं. आणि मुलगी काठावर होती. एक उत्तर चुकलं की मार्क जातो तो जातोच, वर निगेटिव्हचा पाव मार्कही कापतात.

गुरुवारी मी उत्तरं वाचत असताना तिने हात वर केला.

"सर, सतराव्याचं माझं वीस येतंय."

मी कीकडे बघितलं. कीमध्ये चाळीस. मला घाई होती, कुलर बंद होता, आणि सकाळीच कळलं होतं की पुढच्या बॅचची सहा पोरं समोर एसीत गेली. विचार करायला मला दहा सेकंद पुरली असती. ती मी घेतली नाहीत.

"वा! पूर्वाबाईंना घर्षण सवलतीत मिळतं वाटतं," मी म्हणालो. "बाजारभाव चाळीस, यांना वीस!"

वर्ग फुटला. मागच्या बाकावरचे दोघे तर जरा जास्तच हसले, आणि का हसले ते मला तेव्हा कळलं नाही. खोटं कशाला बोलू? कळलं, पण दारातून बाहेर पडताना, आणि मग ते मी झटकून टाकलं.

"पण सर, ठोकळा हलत नाहीये ना?" ती हळूच म्हणाली.

"ठोकळा नाही हलत. तुम्ही डोकं हलवा." पुन्हा हशा. ती खाली बसली आणि तिने खोडरबर काढलं.

हे सगळं मी विमलला पलंगावर बसून सांगितलं. तिने कपाळाला हात लावला.

"मग आता काय करणार?"

"सगळ्यांना फोन."

"करा. पण त्या पोरीला आज काही सांगू नका. उद्या परीक्षा आहे. परीक्षेच्या आदल्या दिवशी सरांनी येऊन 'मी चुकलो' म्हटलं, तर तिच्या पायाखालची जमीनच सरकेल. एका प्रश्नासाठी बाकीचे सगळे घालवेल."

"आणि उद्या हाच प्रश्न आला तर? दर वर्षी घर्षणावर एक तरी असतोच."

"आणि नाही आला तर?" विमल म्हणाली.

मी रजिस्टर घेऊन फोनपाशी बसलो. तासाभरात एकतीस घरं झाली. पोरांचं ऐकून मला वेड लागायची पाळी आली. शंभू म्हणाला, "सर, पण माझा तो मार्क कापणार नाही ना?" राजनंदिनी म्हणाली, "ओके सर, नोटेड," आणि फोन ठेवला. एकालाही धक्का बसला नाही, कारण एकानेही त्या ठोकळ्याचा विचार केलेला नव्हता. विचार केला होता तो एकीनेच, आणि तिच्या घरी फोन नव्हता.

रजिस्टरमध्ये तिच्या नावापुढे शेजारच्या वेणूबाईंचा नंबर होता. वेणूबाई मूळच्या भीमरावांच्याच गावच्या.

"पूर्वा व्हय? न्हाई वो इथं. मामाकडं गेलीत समदी, कात्रजला. परीक्षेची शाळा तिकडं धनकवडीला आलीया ना."

"मामांचा नंबर आहे का?"

"नंबर कुठला! सुखदेव नाव हाय, डेअरीत कामाला. डेअरीच्या मागंच ऱ्हातो."

"पूर्वा बरी आहे ना?"

"बरी कसली, सर. गुरवारपास्नं योकच कागद घिऊन बसलीया. धड जेवन न्हाई का झोप न्हाई. तुमी कायतरी सांगा तिला."

मी फोन ठेवला आणि स्कूटरची किल्ली घेतली. विमल दारात उभी होती. "अहो, नीट विचार करा," एवढंच ती म्हणाली.

विचारच करत होतो. दुसरं काय करणार? बायपासला ऊन मी म्हणत होतं, शेजारून ट्रक अंगाला घासून जात होते, आणि माझ्या डोक्यात एकच चालू होतं, सांगू की नको. विमलचं बरोबर होतं. पोरीने दोन वर्षं माझ्या शब्दावर विश्वास ठेवला, त्याच्याच जोरावर ती उद्या पेपर लिहिणार. तो विश्वास आज काढून घेतला तर ती कशाच्या आधाराने बसेल? वडगावच्या पुलाशी मी स्कूटर वळवली. सरळ घराकडे. सोमवारी पेढे घेऊन जाऊ, तेव्हा हसत हसत सांगू, असं ठरवून टाकलं. मग डोळ्यांपुढे तिचं खोडरबर आलं. उद्या हॉलमध्ये ती वीसवर पेन्सिल टेकवेल आणि माझा आवाज ऐकून चाळीसचा गोल रंगवेल. माझा आवाज! च्यायला, मी पुन्हा वळलो. एक टेम्पोवाला मला आईबहिणीवरून काय काय बोलला. त्याचं काहीच चुकलं नाही.

आंबेगाव ओलांडेपर्यंत तीन वाजले. डेअरीच्या गेटवर वॉचमनला विचारलं तर तो निवांत म्हणाला, "सुखदेव? तीन आहेत. टँकरवर एक, पॅकिंगला एक, एक रिटायर झाला. कोणता पाहिजे?"

"ज्याच्या भाचीची उद्या परीक्षा आहे तो."

"ते आम्हाला कसं माहीत असणार?" तो म्हणाला. पुण्यात एवढं तरी ऐकावंच लागतं. पॅकिंगचा सुखदेव निघाला तो. पण तोवर मी मागच्या दोन गल्ल्यांतले चार जिने चढून उतरलो होतो, आणि शर्ट पाठीला चिकटला होता.

दार भीमरावांनी उघडलं. मला बघितलं आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला.

"सर? तुम्ही? हॉल तिकिटात काही गडबड आहे का?"

"नाही, नाही. तिकीट ठीक आहे. पूर्वाशी जरा बोलायचंय."

आत बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरी होत्या, खाली एक मेणबत्ती नुकतीच लावलेली. पूर्वाच्या आई, कांताबाई, पाण्याचा तांब्या घेऊन आल्या आणि बाजूला उभ्या राहिल्या. मी पाणी प्यायलो. मला शब्द सुचेनात. बावीस वर्षांत हे असं पहिल्यांदाच झालं.

"भीमराव, गुरुवारी माझी चूक झाली. तिचं उत्तर बरोबर होतं. माझ्या कीमध्ये चुकीचं होतं."

त्यांनी माझ्या हातातला तांब्या घेतला. मग म्हणाले, "सर, ती घरी येऊन मला म्हणाली, पप्पा, सवलत म्हटल्यावर पोरं हसली. मी तिला म्हटलं, सरांच्या मनात तसं नसणार. होतं का तसं?"

"नव्हतं," मी म्हणालो. "पण शब्द माझाच होता."

"मग हसली ती पोरं जिथे होती तिथे सांगायला हवं होतं, सर. इथे घरात आम्ही कुठे हसलो होतो?"

ते रागाने बोलले नाहीत. रागाने बोलले असते तर परवडलं असतं. मला लाज वाटली, सरळ सरळ लाज वाटली. कोणाकोणाला फोन केला ते मी सांगू लागलो, पण सांगता सांगता कळलं की फोनवर मी "सतराव्याचं उत्तर दुरुस्त करा" एवढंच म्हटलं होतं. पूर्वाचं नाव एकालाही घेऊन सांगितलं नव्हतं. मी थांबलो. "आज घरी गेल्यावर पुन्हा सगळ्यांना फोन करतो," मी म्हणालो. "तिचं नाव घेऊन." भीमरावांनी मान हलवली आणि आतल्या खोलीकडे हात केला.

पूर्वा जमिनीवर चटईवर बसली होती. पुढ्यात एक कागद, त्यावर ठोकळेच ठोकळे, प्रत्येकाला दोन बाण. मला बघून ती धडपडत उभी राहिली.

"बस, बस. पूर्वा, ऐक. गुरुवारचं तुझं वीस बरोबर होतं. माझं चाळीस चूक."

तिने मान हलवली. आडवी.

"नाही सर. चाळीसच आहे. मी पटवून घेतलं." आणि तिने मला कागद दाखवला. "हे बघा. फरशी चाळीस लावते. त्यातले वीस आपला जोर अडवायला जातात. उरलेले वीस ठोकळ्याला धरून ठेवायला. असं धरलं की तुमचं बरोबर येतं."

मी मटकन चटईवर बसलो. दोन दिवसांत या पोरीने माझी चूक खरी ठरवायला नवं फिजिक्स उभं केलं होतं. "अगं, पण ते उरलेले वीस ठोकळ्यावरच लागले ना? मग ठोकळा मागे यायला नको? आपण पुढे ढकलतोय आणि तो आपल्याच अंगावर येतोय, असं कुठे होतं का?"

"हो ना सर," ती म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम चिरकला. "यायला हवा. येत नाही. मग ते वीस जातात कुठे, तेच मी गुरुवारपासून शोधतेय. सापडतच नाहीयेत."

"कुठून सापडतील, बाळ? ते नाहीतच."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. "सर, मला बरं वाटावं म्हणून म्हणताय का?"

"मी? आजवर कोणाला बरं वाटावं म्हणून मी काही बोललोय? विचार कोणालाही."

तिच्या ओठाचा कोपरा किंचित हलला. मी कागद ओढला, जुना साठचा प्रश्न लिहिला, त्याच्याखाली वीसचा, आणि बुधवारी काय बदललं, काय बदलायचं राहिलं ते दाखवलं. मग दहा न्यूटनने ढकललं तर किती, विचारलं. "दहा," ती म्हणाली. तीसने? "तीस." चाळीसने? "चाळीस, आणि तिथून पुढे सुटेल." पन्नासने? "घर्षण चाळीस, ठोकळा चालू लागला." धडाधड उत्तरं देत होती. मला हायसं वाटलं. विमल उगाच घाबरली, असंही मनात आलं. पोरीच्या चेहऱ्यावर पाणी आलं होतं, कांताबाई दारातून बघत होत्या, आणि मी उठायच्या बेतात होतो.

तेवढ्यात पूर्वाने मागे वळून पिशवीतून माझ्या क्लासची वही काढली. दोन वर्षांची, जाडजूड.

"सर, मग ह्या?"

"ह्या काय?"

तिने पान उघडलं. समासात पेन्सिलीची बारीक खूण होती. पुढे आणखी एक. मग आणखी.

"जिथे जिथे माझं वेगळं आलं होतं, तिथे मी माझं खोडून तुमचं लिहिलं. खूण तेवढी ठेवली. अकरा आहेत." तिने घड्याळाकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं नाही. "यातलं कुठलं कुठलं चुकलंय, सर? उद्या नऊला आत सोडणार आहेत."

विमलने सांगितलेली जमीन ती हीच. "आण," एवढंच म्हणालो आणि पुन्हा बसलो. पहिली खूण, कप्पी आणि दोरी. नीट तपासलं, माझंच बरोबर होतं, तिचं चिन्ह चुकलं होतं. तिला समजावलं. दुसरीतही माझं. तिसरीतही. माझा श्वास जरा मोकळा होऊ लागला.

चौथी खूण मागच्या ऑगस्टमधली. हाताने भिंतीला दाबून धरलेलं पुस्तक, पडत नाही, घर्षण किती? पुस्तकाच्या वजनाएवढं, दुसरं किती असणार? आणि वहीत, तिच्या मोत्यासारख्या अक्षरात, मी फळ्यावर घाईत लिहिलेलं सूत्र होतं. खाली खोडलेलं तिचं उत्तर अजून पुसट दिसत होतं. ते बरोबर होतं. नऊ महिने ते तिथे तसंच होतं.

मला संताप आला. कोणाचा ते माहीत नाही, पण तोंडातून मात्र सवयीने तिच्यावरच निघाला.

"अगं पोरी, मग विचारलं का नाहीस कधी? दोन वर्षांत एकदा तरी हात वर करायचा!"

"केला ना, सर," ती म्हणाली. "गुरुवारी."

दारात कांताबाई होत्या, त्यांनी मान खाली घातली. साडेचार वाजले होते आणि सात खुणा बाकी होत्या. पूर्वाने पान उलटलं.